जाड भिंती, दोन राउटर आणि न दिसणारा प्रिंटर : खानापूरच्या घरातील प्रकल्प नोंदी

८ जून

काम सुरू करण्यापूर्वी सध्याची मांडणी लिहून ठेवतो. घर जुने, जांभ्या दगडाचे असून मधल्या भिंती दीड हात जाड आहेत. फायबरची तार रस्त्याच्या बाजूने सोप्यात येते आणि तिथेच फायबरचा डबा, म्हणजेच पहिला राउटर, खुंटीशेजारी बसवलेला आहे. त्याचे वायफाय माजघर ओलांडून मागे पोहोचत नाही, म्हणून सोप्यातून एक केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा राउटर लावलेला आहे. संगणक मागच्या खोलीत या दुसऱ्या राउटरला केबलने जोडलेला आहे. प्रिंटर मात्र सोप्यात आहे, कारण तो सगळ्यांना लागतो. तो काळ्या शाईचा लेझर प्रिंटर असून वायफायवर चालतो. सोयीसाठी दोन्ही राउटरच्या वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलेला आहे.

तक्रार अशी की संगणकावर प्रिंटरच्या यादीत काहीही दिसत नाही. फोनवर प्रिंटर कधी दिसतो, कधी दिसत नाही. वहिनींच्या विंडोज लॅपटॉपवर तो दिसतो, परंतु बहुधा ‘ऑफलाइन’ या शिक्क्यासह. शाळा सुरू झाल्यापासून वहिनींना शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढाव्या लागतात, आबांना शेताचे उतारे हवे असतात, आणि आषाढीपूर्वी दिंडीत जाणाऱ्यांची यादी छापून द्यायची आहे. सध्या सगळे जण फाइल फोनवर पाठवतात आणि सोप्यात जाऊन प्रिंट काढतात. घरात संगणक असताना ही पद्धत चालू ठेवणे योग्य वाटत नाही.

संगणकावर डेबियन लिनक्स आहे. प्रिंटिंगसाठी कप्स आणि स्थानिक नेटवर्कवर उपकरणे शोधण्यासाठी अवाही या दोन्ही सेवा चालू असल्याचे तपासले आहे.

९ जून

‘प्रिंटर सापडत नाही’ या एका वाक्यात निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. संगणकापासून प्रिंटरपर्यंत वाट आहे का, हा पहिला. प्रिंटर आपण इथे आहोत असे जाहीर करतो ते संगणकाच्या कानावर पडते का, हा दुसरा. आणि संगणकाने पाठवलेला मजकूर प्रिंटरला समजतो का, हा तिसरा. हे प्रश्न एकत्र कालवले की माणूस ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा बसवत बसतो, आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. म्हणून आज एकेक प्रश्न वेगळा काढून तपासला.

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरील मेनूतून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधील क्रमांक, घेतला; तो १९२.१६८.१.३७ असा आहे. संगणकावरून त्या पत्त्याला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का’ अशी विचारणा पाठवली, तेव्हा उत्तर लगेच आले. त्यानंतर एलपीअ‍ॅडमिन या कप्सच्या आज्ञेने तोच पत्ता देऊन आणि ‘एव्हरीव्हेअर’ हे मॉडेल निवडून एक तात्पुरती क्यू, म्हणजे छपाईची रांग, तयार केली व चाचणीचे पान पाठवले. सोप्यातून कागद बाहेर आल्याचा आवाज आबांनी मागे कळवला.

म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. वाट आहे, आणि भाषाही जुळते. कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागला नाही, कारण अलीकडचे बहुतेक नेटवर्क प्रिंटर आयपीपी हा प्रोटोकॉल बोलतात आणि आपण कोणत्या स्वरूपाचे पान, कोणत्या आकाराचा कागद व किती रिझोल्यूशन स्वीकारतो हे विचारले असता स्वतःच सांगतात. मोबाइलवरून ड्रायव्हरविना प्रिंट काढण्याची जी सोय २०१० नंतर सर्वत्र रूढ झाली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

दोष मधल्या, म्हणजे शोधाच्या, टप्प्यावर आहे. अवाही-ब्राउझ ही अवाहीला सापडलेल्या सेवा दाखवणारी आज्ञा चालवून आयपीपी सेवांची यादी मागितली, तर ती रिकामी आली.

११ जून

आज वहिनींनी सहज एक निरीक्षण सांगितले, आणि ते माझ्या साऱ्या चाचण्यांपेक्षा उपयोगी ठरले. त्या म्हणाल्या, “भावजी, सोप्यात उभं राहिलं की फोनवर प्रिंटर दिसतो, माजघरातून मागं आलं की जातो. वायफायच्या कांड्या मात्र दोन्हीकडे भरलेल्या असतात.” सिग्नल कमी पडण्याचा हा प्रकार असता, तर कांड्याही कमी व्हायला हव्या होत्या.

फोन हातात घेऊन सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत चालत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा आयपी पत्ता पाहिला. सोप्यात पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि मागच्या खोलीत १९२.१६८.० ने. दोन्ही वायफायचे नाव एकच असल्याने फोन एका राउटरवरून दुसऱ्यावर जातो तेव्हा कुठेही काही कळत नाही. संगणकावरून प्रिंटरच्या पत्त्यापर्यंत ट्रेसरूट केले, म्हणजे वाटेतील थांबे पाहिले, तेव्हाही पहिला थांबा दुसऱ्या राउटरचा आणि त्यानंतर प्रिंटर असे दोन टप्पे दिसले. एकाच नेटवर्कमध्ये असते, तर मधला थांबा दिसला नसता.

कारण आता स्पष्ट आहे. सोप्यातून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत, लावलेली आहे, त्यामुळे त्या राउटरने मागच्या खोलीत स्वतःचे स्वतंत्र नेटवर्क थाटले आहे. घरात एक नव्हे, दोन नेटवर्क नांदत आहेत. आतल्या नेटवर्कमधून बाहेरच्या नेटवर्ककडे जाता येते, कारण राउटर जसा इंटरनेटकडे वाट देतो तसाच सोप्याकडेही देतो. म्हणून पिंग आणि प्रिंट दोन्ही झाले. उलट दिशेने मात्र आत येता येत नाही.

शोध का होत नाही, याचे उत्तर शोधाच्या पद्धतीत आहे. प्रिंटर आणि संगणक एकमेकांना ज्या पद्धतीने शोधतात तिला एमडीएनएस म्हणतात, आणि तिचे प्रमाणित वर्णन २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ म्हणून प्रसिद्ध झाले. तिच्यात मध्यवर्ती नोंदवही नसते. ज्याला प्रिंटर हवा आहे तो २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, यूडीपी या पाठवणीच्या पद्धतीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर (हे पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, सेवेचा क्रमांक), साऱ्या नेटवर्कला उद्देशून प्रश्न विचारतो, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे तो तसेच साऱ्यांना ऐकू जाईल असे उत्तर देतो. हा व्यवहार वाड्याच्या चौकात उभे राहून हाक मारण्यासारखा आहे. हाक चौकापुरतीच पोहोचते. २२४.०.० ने सुरू होणाऱ्या या पट्ट्यातील पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, राउटरने पुढे पाठवायची नाहीत असाच नियम असल्याने दुसऱ्या राउटरने आपले काम चोख केले आहे.

१३ जून

उपायांचा विचार केला. पत्ता टाकून केलेली तात्पुरती क्यू तशीच ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता, परंतु त्याने फोनची अडचण सुटत नाही, आणि प्रिंटरचा पत्ता बदलला की संगणकही अडतो. अवाहीमध्ये ‘रिफ्लेक्टर’ नावाची सोय आहे. ज्या यंत्राचा एकेक पाय दोन्ही नेटवर्कमध्ये असेल, ते यंत्र एकीकडची हाक दुसरीकडे पोहोचवते. मोठ्या कार्यालयात, जिथे नेटवर्क मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, तिथे ती योग्य आहे. आमच्या घरात नेटवर्क वेगळे ठेवण्याचे कुठलेच कारण नाही, आणि फोनने प्रिंट काढण्यासाठी मागचा संगणक चालू असलाच पाहिजे अशी अट घालणे मला पटत नाही.

म्हणून दुसरे नेटवर्कच मोडायचे ठरवले. दुसरा राउटर यापुढे राउटर म्हणून काम करणार नाही; तो सोप्यातील नेटवर्क मागे पोहोचवणारा केवळ एक अ‍ॅक्सेस पॉइंट असेल.

१५ जून

सकाळी घरातील मंडळी कार्याला नंदगडला गेलेली असताना हे काम उरकले. यात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा असल्याने सविस्तर लिहितो.

सोप्याकडून येणारी केबल आधी काढून ठेवली आणि फक्त संगणक दुसऱ्या राउटरला जोडलेला ठेवला. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ ऐवजी १९२.१६८.१.२ असा केला. फायबरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो उपकरणांना १० पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे २ हा क्रमांक कुणाला दिला जाण्याचा संभव नाही. पत्ता बदलताच राउटर पुन्हा सुरू झाला आणि जुन्या पत्त्यावर अर्थातच सापडेनासा झाला. नव्या पत्त्यावर जाऊन मग त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद केले. हे राहून गेले असते, तर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले असते, आणि ज्या उपकरणाला मागच्या राउटरकडून पत्ता मिळाला असता, त्याचे इंटरनेट बंद पडले असते. हा दोष ओळखायला फार कठीण, कारण तो प्रत्येक उपकरणावर आणि प्रत्येक वेळी दिसत नाही.

त्यानंतरच सोप्याची केबल परत लावली, परंतु ‘वॅन’ पोर्टमध्ये न लावता घरातील उपकरणांसाठीच्या चार साध्या ‘लॅन’ पोर्टांपैकी एकात. ‘वॅन’ पोर्ट रिकामे आहे आणि तिथे कुणी चुकून केबल लावू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. काही राउटरमध्ये हे सारे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ या एका पर्यायाने होते; आमच्या जुन्या राउटरमध्ये तो पर्याय नाही.

संगणकाची केबल काढून पुन्हा जोडली. नवा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा मिळाला आणि ट्रेसरूटमध्ये मधला थांबा नाहीसा झाला.

१६ जून

मागच्या खोलीत, माजघरात, परड्यात विहिरीपर्यंत फोनवर प्रिंटर दिसतो. संगणकावर अद्यापही दिसत नाही.

नेटवर्क आता एकच आहे, तेव्हा शंका संगणकावरच. टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला केबलच्या इंटरफेसवर ५३५३ पोर्टची वाहतूक दाखवायला सांगितले आणि दुसऱ्या खिडकीत अवाही-ब्राउझ चालवले. टीसीपीडंपमध्ये आपला प्रश्न बाहेर जाताना दिसला आणि प्रिंटरचे उत्तर परत येतानाही स्वच्छ दिसले. प्रिंटरचे नाव, सेवेचा प्रकार, पोर्ट ६३१, सारे काही. तरीही अवाहीची यादी रिकामीच.

असे दिसले की फायरवॉलकडे, म्हणजे येणारी पॅकेट अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या चाळणीकडे, पाहावे. टीसीपीडंप येणारे पॅकेट फायरवॉलच्या चाळणीत जाण्याच्या आधी पाहतो, त्यामुळे त्याला जे दिसते ते प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेच असे नाही. या संगणकावर फायरवॉलडी नावाची फायरवॉल बसवलेली आहे. सक्रिय झोन, म्हणजे लागू असलेला नियमसंच, विचारला असता ‘पब्लिक’ असे उत्तर आले, आणि त्या झोनमध्ये एमडीएनएसला परवानगी नव्हती.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपण प्रश्न विचारला असेल तर त्याचे उत्तर फायरवॉल आत येऊ देते, हा तर नेहमीचा अनुभव; मग हे उत्तर का अडले? फायरवॉल उत्तराची ओळख पटवते ती पत्त्यांवरून. ज्याला पॅकेट पाठवले त्याच्याकडूनच परत आले, तर ते उत्तर. आपण प्रश्न पाठवला २२४.०.०.२५१ ला, आणि उत्तर आले १९२.१६८.१.३७ कडून. या दोहोंचा संबंध फायरवॉलला लागत नाही, त्यामुळे ती त्याला आगंतुक समजून परतवते. वेबसाइट, मेल, अगदी पत्ता देऊन काढलेली प्रिंट, सगळे सुरळीत चालते आणि शोध तेवढा अडतो, याचे कारण हेच.

नेटवर्क मॅनेजरमध्ये घरच्या केबलच्या जोडणीला ‘होम’ हा झोन नेमून दिला. त्यात एमडीएनएसला मुळातच मुभा असते. अवाही-ब्राउझमध्ये प्रिंटर तत्काळ आला. फायरवॉल संपूर्ण बंद करून पाहणे हा निदानासाठी क्षणभर करण्याचा उपाय आहे. तो कायमचा करण्याची शिफारस जिथे तिथे केलेली आढळते, तिच्याशी मी सहमत नाही.

१७ जून

कप्स-ब्राउज्ड ही नेटवर्कवरील प्रिंटरच्या क्यू आपोआप तयार करणारी जोडसेवा काढून टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यातील गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या. यूडीपीच्या ६३१ पोर्टवर ती कुणाचेही पॅकेट ऐकून घेत असे. दुरुस्त आवृत्त्या नंतर आल्या, परंतु आमच्या एका प्रिंटरसाठी ती लागतच नाही. तिच्याविना प्रिंटर यादीत दिसतो, याची खात्री केली.

२० जून

पत्त्यावर आधारलेली तात्पुरती क्यू काढून, प्रिंटरच्या ‘डॉट लोकल’ने संपणाऱ्या नावावर कायमची क्यू करायला घेतली, तेव्हा ‘नाव सापडत नाही’ असा संदेश आला. अवाही-रिझॉल्व्हला तेच नाव विचारले तर ते पत्ता सांगते, पिंगला विचारले तर ते ओळखत नाही. म्हणजे अवाहीला माहीत आहे, परंतु उरलेल्या यंत्रणेला अवाहीला विचारायचे माहीत नाही. हा दुवा जोडणारे एनएसएस-एमडीएनएस हे पॅकेज बसवलेले नव्हते. ते बसवल्यावर एनएसस्विच या फाइलमधील ‘होस्ट्स’च्या ओळीत त्याची नोंद ‘डीएनएस’च्या आधी आली आहे ना, हे पाहून घेतले. ती नोंद नंतर असेल तर घरातल्या प्रिंटरचे नाव आधी बाहेरच्या जगाला विचारले जाते, आणि तिकडून नकार येईपर्यंत वाट पाहावी लागते.

क्यू तयार झाली. पहिलेच पान पाठवले तर प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबला आणि ‘लेटर’ कागद मागू लागला. डेबियन अमेरिकी इंग्रजीत बसवलेले असल्याने कागदाचा मूळ आकार लेटर धरला गेला होता. तो २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि ट्रेमधला ए-४ कागद २१० बाय २९७. एलपीऑप्शन्सने क्यूचा कायमचा आकार ए-४ केला, तसेच लिबरऑफिसमधील जुन्या फाइलींचे पानही तपासले, कारण त्यांच्यात लेटर आकार फाइलमध्येच नोंदलेला असतो व तो क्यूच्या पसंतीला जुमानत नाही.

आबांचा कन्नडमधील उतारा आणि वहिनींची मराठी प्रश्नपत्रिका या दोन पीडीएफ छापून पाहिल्या. दोन्ही लिप्यांतील जोडाक्षरे व्यवस्थित आली. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सहसा सोबतच भरलेले असतात, त्यामुळे प्रिंटरला कन्नड किंवा मराठी फॉन्ट ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

२४ जून

दुपारपासून पावसाची झड लागली आहे आणि वीज ये-जा करत आहे. राउटर व संगणक इन्व्हर्टरवर आहेत, प्रिंटर नाही. लेझर प्रिंटर शाई कागदावर पक्की करण्यासाठी रूळ तापवतो आणि त्या क्षणी एवढी वीज ओढतो की त्याला इन्व्हर्टरवर ठेवणे परवडत नाही.

वीज नसताना आबा संगणकासमोर बसून म्हणाले, “मशीन तर यादीत दिसतंय की रे, मग कागद का येईना?” प्रिंटर बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरीही त्याचे नाव यादीत होते.

हे पद्धतीला धरूनच आहे. एमडीएनएसमधील प्रत्येक नोंदीला आयुष्य असते. ‘अमुक नावाचा प्रिंटर आहे’ ही नोंद सर्वसाधारणपणे ७५ मिनिटे ग्राह्य धरली जाते, तर त्या नावाचा पत्ता सांगणारी नोंद केवळ १२० सेकंद. उपकरण रीतसर बंद केले तर ते जाताना आयुष्य शून्य असलेली नोंद पाठवून निरोप घेते, आणि नाव लगेच यादीतून निघते. वीज गेली तर निरोप घेणार कोण? दोन मिनिटांत पत्ता विसरला जातो, नाव मात्र सव्वा तासापर्यंत रेंगाळू शकते. पावसाळ्यात आमच्याकडे ‘दिसतो पण छापत नाही’ ही तक्रार या कारणाने येत राहणार, आणि यावर संगणकात काही दुरुस्ती करण्याची गरज नाही. आधी प्रिंटरचा दिवा पाहावा, असे आबांना सांगितले.

२५ जून

कालच्याच प्रसंगाचा पुढचा भाग. वीज आली, प्रिंटर सुरू झाला, पण आबांनी दिलेले काम क्यूमध्ये तसेच पडून राहिले. एलपीस्टॅट या आज्ञेने क्यू थांबवलेली असल्याचे दाखवले. एकदा प्रिंट फसली की क्यूच थांबवावी असे तिचे धोरण होते. ते बदलून काम पुन्हा पुन्हा पाठवून पाहावे असे केले. थांबलेली क्यू कप्सएनेबलने चालू केली आणि उतारा छापून आला.

वीज आल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळाला होता: ३७ ऐवजी ४१. संगणक नावावरून शोधत असल्याने त्याचे काही बिघडले नाही. तरीही फायबरच्या डब्यात प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक) १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला, कारण लॅपटॉपला तो लागणार आहे.

२८ जून

वहिनींच्या लॅपटॉपवर नेटवर्कचे स्वरूप ‘पब्लिक’ होते. ते ‘प्रायव्हेट’ केले. जुना प्रिंटर डब्ल्यूएसडी या विंडोजच्या शोधपद्धतीच्या पोर्टवर नोंदलेला होता. तो काढून राखीव पत्त्यावर साध्या टीसीपी-आयपी पोर्टने पुन्हा बसवला. ‘ऑफलाइन’चा शिक्का गेला आहे. पुढच्या वीजकपातीनंतरही तो परतत नाही ना, हे पाहायचे आहे.

२ जुलै

दिंडीची यादी मागच्या खोलीतून छापली आणि प्रती भजनी मंडळाकडे पोहोचवल्या. काल रात्री वीज गेली होती. सकाळी प्रिंटर त्याच राखीव पत्त्यावर आला, संगणक व लॅपटॉप दोन्हींवर छपाई झाली.

शिल्लक काम एकच. फायबरच्या डब्यात ‘आयजीएमपी स्नूपिंग’ हा, मल्टिकास्ट (अनेकांना एकाच वेळी पाठवलेली) पॅकेट फक्त मागणाऱ्यांकडे सोडणारा, पर्याय चालू आहे. त्याची अंमलबजावणी सदोष असेल तर काही तासांनी वायफाय आणि केबल यांच्यामधील मल्टिकास्ट पॅकेट अडू लागतात. अद्याप तसे लक्षण दिसलेले नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही. प्रिंटर चालू असून संगणकावरून नाव नाहीसे झाले, तर सोप्यातील फोन आणि मागचा टीसीपीडंप एकाच वेळी पाहून तिथून तपास सुरू करायचा.